त्रिशला मगदूम यांचे उत्तर

चौकशीचा अहवाल साडेतीन पानांचा होता. बाळगोंडा मगदूम यांनी तो स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभं राहून वाचला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: ‘तपासणीआधी कित्येक दिवस मयत वापरकर्ता नेहमीपेक्षा फार कमी अन्न घेत होता, असे श्वासाच्या नोंदींवरून दिसते. आहाराविषयीच्या प्रश्नाला मात्र वापरकर्त्याने खोटे उत्तर दिले. त्यामुळे अंदाज चुकला. यंत्रणेत दोष नाही.’

त्यांनी गॅस बंद केला आणि रेहानाला फोन लावला.

“रेहाना, माझ्या बायकोला खोटारडी म्हटलंय त्यांनी.”

“कुणी, काका?”

“कंपनीनं. आणि तक्रार मंडळानं त्याच्यावर शिक्का मारलाय.”

रेहाना म्हणाली, “थांबा तिथंच. व्यायामशाळा बंद करून येतो मी.”

त्या भागात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. त्रिशलाही तसंच बोलायची. तिला जाऊन सहा महिने झाले होते.

बाळगोंडा कुरुंदवाडचे. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं परिचर होते. नळ्या धुणं, द्रावणं तयार करून ठेवणं, तराजू पुसून शून्यावर आणणं, हे त्यांचं काम. शिक्षण दहावी. पण नवीन आलेले प्राध्यापकही तराजू हलत नसला की आधी त्यांना हाक मारायचे. यंत्रावर त्यांचा विश्वास होता. यंत्र खोटं बोलत नाही, बोलतो तो ते वापरणारा, असं ते पोरांना सांगत आले होते. आता तेच वाक्य साडेतीन पानी कागदावर उलटून त्यांच्या घरात आलं होतं.

कुरुंदवाडात वजन उचलायची हौस जुनी. इथल्या पोरी शाळेच्या दप्तराबरोबर बार उचलायला शिकतात. रेहाना मुजावर त्यातलीच. राज्यात दोनदा पदक मिळवलं, गुडघा दुखावला, मग मैदानाशेजारी पत्र्याची व्यायामशाळा काढली. तिथं अठ्ठावन्नाव्या वर्षी त्रिशला गेली, पाठ धरायची म्हणून.

“काकू, काय करायचंय तुम्हाला?” रेहानानं विचारलं होतं.

“ते मला काय ठाऊक? तू सांग की.”

“मला पण न्हाई ठाऊक. करून बघू.”

रेहानाची पद्धत साधी होती. दोन महिने तिनं त्रिशलाला सगळं करायला लावलं. एक आठवडा नुसतं भरभर चालणं. एक आठवडा सायकल. एक आठवडा हलकी वजनं, पुष्कळ वेळा. एक आठवडा जड वजन, पाचच वेळा, आणि मध्ये तीन मिनिटं बसून राहणं. मग पुन्हा पहिल्यापासून. रोज वहीत लिहायचं: झोप कशी लागली, भूक कशी होती, दुसऱ्या दिवशी काय दुखलं, घरात कुणावर ओरडलात का. शेवटचा प्रश्न त्रिशलाला फार आवडायचा.

“आज तुमच्यावर ओरडलो का हो मी?” ती जेवताना विचारायची.

“दोनदा.”

“मग सायकल आपल्याला मानवत नाही. लिहितो तसं.”

दोन महिन्यांनी वहीनं सांगितलं ते स्पष्ट होतं. लांब चाललं, लांब सायकल मारली की त्रिशलाची झोप उडायची, दुसऱ्या दिवशी अंगात काही राहायचं नाही. जड वजन, थोड्या वेळा, मध्ये भरपूर विश्रांती, आठवड्यातून तीनदा. आणि जेवणानंतर घाटापर्यंत वीस मिनिटं रमतगमत चालणं. हे तिला मानवायचं. पाठ सरळ झाली. वर्षभरात ती पंचेचाळीस किलोचा बार जमिनीवरून कमरेपर्यंत उचलू लागली. गव्हाचं पोतं बाळगोंडांच्या हातातून काढून घ्यायची.

“तुम्ही आपल्या काचेच्या नळ्या उचला,” म्हणायची.

मग देहपत्रिका आली.

मुळात शोध चांगला होता, हे बाळगोंडा अजूनही मान्य करायचे. माणसाच्या स्नायूत दोन प्रकारचे तंतू असतात. एक चिवट: हळू काम करतात, पण दमत नाहीत. दुसरे जोरकस: एका झटक्यात भार उचलतात आणि लवकर थकतात. कुणात चिवट जास्त, कुणात जोरकस. म्हणूनच एकच व्यायाम एकाला लागू पडतो आणि दुसऱ्याला बाधतो. पूर्वी हे पाहायला मांडीत सुई घालून स्नायूचा तुकडा काढावा लागायचा. ‘समदेह’ नावाच्या कंपनीनं तो टाळला. त्यांच्या यंत्रात तोंडाला मुखवटा लावून बारा मिनिटं सायकल मारायची, बोटातून रक्ताचा एक थेंब द्यायचा, झालं.

युक्ती श्वासात होती. शरीर दोन इंधनं जाळतं, साखर आणि चरबी. साखर जळताना घेतलेल्या प्राणवायूच्या मानानं कार्बन वायू जास्त बाहेर पडतो, चरबी जळताना कमी. चिवट तंतूंचा माणूस जोर लावतानाही बराच वेळ चरबीवर चालतो. जोरकस तंतूंचा लगेच साखरेवर येतो. लाखो माणसांचे श्वास मोजून कंपनीनं हा हिशेब पक्का बसवला होता. श्वासावरून यंत्र सांगायचं: ‘जोराचा देह’ किंवा ‘लांब दमाचा देह’. त्यावरून व्यायाम ठरायचा, आणि छातीचे ठोके मिनिटाला कितीपर्यंत वाढू द्यायचे ती रेघही ठरायची. लांब दमाच्या माणसाची रेघ वर.

सरकारनं पन्नाशीपुढच्यांच्या आरोग्य विम्याला पत्रिका जोडली. व्यायामशाळांतल्या उपकरणांना पत्रिका भरलेली मनगटपट्टी दाखवल्याशिवाय कुलूप उघडेना. लग्न जुळवताना लोक जन्मपत्रिकेबरोबर ही पत्रिकाही मागू लागले. तिचं नाव पत्रिका ठेवलं तेव्हाच हे होणार होतं.

त्रिशलाला तपासणीची तारीख मिळाली ती भाद्रपदातली, दशलक्षण पर्वाच्या पाचव्या दिवसाची. जैनांचं हे दहा दिवसांचं पर्व. त्रिशला लग्नाच्या आधीपासून हे दहाही दिवस एकाशन करायची: दुपारी एकदाच जेवायचं, त्यानंतर फार तर उकळून गार केलेलं पाणी. तारीख चुकली तर तीन महिने थांबावं लागलं असतं. बाळगोंडाच तिला स्कूटरवरून घेऊन गेले होते. पडद्यावर प्रश्न येत गेले, ती उत्तरं देत गेली. तिच्या खांद्यामागून त्यांनीही वाचला होता तो प्रश्न: ‘तुमच्या खाण्यात सध्या नेहमीपेक्षा वेगळे काही आहे का?’

“नाही,” त्रिशला म्हणाली, आणि बटण दाबलं.

बाळगोंडांनाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. बेचाळीस वर्षं दर भाद्रपदात ती हेच करत होती. वेगळं काय त्यात?

पत्रिका आली: ‘लांब दमाचा देह. वजन-व्यायामाची आवश्यकता नाही. पहाटे उपाशीपोटी पंचेचाळीस मिनिटे वेगाने चालणे-धावणे.’ दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेत बार जागचा हलेना. मनगटपट्टी म्हणाली, “हा व्यायाम तुमच्या देहाला जुळत नाही.”

रेहाना संतापली. “काकू, माझी वही काय सांगते आणि हे काय सांगतंय!”

त्रिशला घरी येऊन म्हणाली, “अहो, रेहाना म्हणते मशीन चुकलंय.”

आणि तेव्हा बाळगोंडा जे बोलले ते त्यांना रोज आठवायचं. “रेहानाच्या वहीला काय कळतंय? लाखो माणसं मोजलीत त्यांनी. तू कर मुकाट्यानं.”

तिनं मुकाट्यानं केलं. साडेचार महिने. “अंगात काहीच राहत न्हाई हो,” म्हणायची. पट्टीला विचारलं की पट्टी सांगायची, सुरुवातीचा थकवा स्वाभाविक आहे. माघातल्या एका सकाळी पुलाच्या अलीकडे ती रस्त्यावर बसली आणि मग आडवी झाली. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत आधीपासून थोडा अडथळा होता, तो कुणाला ठाऊक नव्हता. थांबून थांबून वजन उचलण्यानं, रमतगमत चालण्यानं तो तिला कदाचित कधी नडलाही नसता, असं डॉक्टर म्हणाले. पट्टीतली शेवटची नोंद एकशे एकसष्ट ठोक्यांची होती. त्या क्षणी पट्टी तिला बोललेलं वाक्यही नोंदीत होतं: ‘उत्तम! आणखी सहा मिनिटे.’

रेहाना आली. अहवाल वाचला. तिनं कागद टेबलावर आपटला.

“काका, म्हणजे एकाशनामुळं झालं हे. पोटात काही नव्हतं, साखर संपलेली, म्हणून शरीर चरबीवर चाललेलं. मशीनला वाटलं बाई धावणारी आहे.”

“व्हय. आणि हे त्यांना कळलंय. मेल्यावर कळलंय. कळलं तर म्हणायचं होतं आमचं मशीन चुकलं. ते म्हणत्यात ती खोटं बोलली.”

“मला रमजानात तारीख मिळाली असती तर मी पण ‘नाही’च म्हटलं असतं. रोजा काय वेगळा? दरवर्षीचाच आहे.”

बाळगोंडांनी तिच्यापुढं खुर्ची सरकवली. “बस,” ते म्हणाले. “प्रयोगशाळेत एक नियम असतो. काही टाकायच्या आधी नुसत्या पाण्याची नळी बघायची. तीच नळी, तेच पाणी, फक्त टाकायची वस्तू नाही. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. ह्या लोकांनी ब्लँक घेतलंच नाही. आपण घेऊ.”

“कसं?”

“भाद्रपद तीन आठवड्यांवर आलाय. एकाशन करणारी माणसं आधी तपासायची, आणि सहाव्या दिवशी पुन्हा तपासायची. उत्तर काय द्यायचं ते कुणाला सांगायचं नाही.”

वर्षातून दोनदा तपासणीची मुभा सगळ्यांनाच होती. पत्रिका एकदा हातात पडली की दुसऱ्यांदा कुणी जायचं नाही, एवढंच. पहिल्या वेळची गर्दीही आता ओसरली होती, तारीख लगेच मिळायची. बाळगोंडांनी मंदिराच्या ओसरीत विषय काढला. एक म्हातारे म्हणाले, “बाळगोंडा, धर्माच्या दिवसांत असली टोचाटोची कशाला? जे व्हायचं ते झालं.”

“झालं ते झालंच,” बाळगोंडा म्हणाले. “पण तिनं खोटं सांगितलं असं सरकारी कागदावर लिहिलंय. पर्वाच्या पाचव्या दिवशी. त्या दिवशी आपण इथं बसून कशाचं प्रवचन ऐकतो?”

कुणाला सांगावं लागलं नाही. पाचवा दिवस उत्तम सत्याचा.

मागून एका बाईचा आवाज आला, “त्रिशलाक्काला खोटारडी म्हटलं? मला दोनदा टोचा. चारदा टोचा.”

अकरा जण तयार झाले. रेहानानं प्रत्येकाची पहिली तपासणी करवून घेतली. बाळगोंडांनी वहीत रकाने आखले. पर्व सुरू झालं, सहाव्या दिवशी तेच अकरा जण त्याच यंत्रावर, त्याच वेळेला पुन्हा बसले. निकाल असा आला: उपासाआधी सात जण जोराचे, चार लांब दमाचे. सहाव्या दिवशी दहा जण लांब दमाचे. सातांपैकी सहा माणसांचा देह सहा दिवसांत बदलला, असं यंत्राचं म्हणणं. त्यात एक हमाल होता, पन्नास किलोची पोती पाठीवर वाहणारा. त्यालाही पहाटे उपाशी धावायला सांगितलं होतं.

“आणि मी धावतोय व्हय!” तो म्हणाला. “दमलो तर हमाली बुडणार. मग संध्याकाळी काय खाऊ, पट्टी?”

पण बाळगोंडांचं बोट दुसऱ्या रकान्यावर होतं. खाण्यात नेहमीपेक्षा वेगळे काही आहे का? अकराच्या अकरा: नाही.

वही जोडून बाळगोंडांनी तक्रार मंडळाकडे फेरविचाराचा अर्ज केला. सुनावणीला तारीख मिळाली ती कार्तिकात, कोल्हापूरला. मंडळाच्या अध्यक्षा वैजयंती ढोबळे, साठीच्या, निवृत्त अधिकारी, कडक म्हणून प्रसिद्ध. कंपनीतर्फे पुण्याहून टिपणीस आले होते. वय पस्तिशीचं, आवाज मऊ. ते बाळगोंडांना प्रत्येक वेळी ‘सर’ म्हणायचे आणि त्रिशलाला ‘वापरकर्ता’.

“सर, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत,” टिपणीस म्हणाले.

“नका होऊ,” बाळगोंडा म्हणाले. “कामाचं बोला.”

बाळगोंडांनी वही पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं, आकडे लपवले नाहीत. सातव्या माणसाचा देह का बदलला नाही तेही सांगितलं: माहीत नाही.

ढोबळेबाईंनी वही नीट वाचली. “टिपणीस, यंत्र उपासाच्या माणसाला चुकीचं ओळखतं, हे तुम्हाला मान्य आहे?”

“मॅडम, उपासाच्या स्थितीत यंत्र वापरायचंच नाही, असं आमच्या सूचनांत आहे. म्हणूनच तर प्रश्न विचारला जातो. वापरकर्त्यानं खरं उत्तर दिलं असतं, तर यंत्रानं तपासणी थांबवली असती. पुढच्या आवृत्तीत आम्ही प्रश्न अधिक स्पष्ट करतोय. पण झालेल्या घटनेत चूक वापरकर्त्याची आहे.”

“तिनं खरंच सांगितलं,” बाळगोंडा म्हणाले. “तुम्ही विचारलं, नेहमीपेक्षा वेगळं काही आहे का. तिचं दरवर्षीचं आहे ते. वेगळं नाही. तुम्ही उपास आहे का असं का नाही विचारलं? सहा अक्षरं जड झाली असती?”

“सर, दिवसाला एकदा जेवणं ही सामान्य स्थिती नाही. कुणालाही कळेल.”

“ह्या अकरा जणांना नाही कळलं ते.”

टिपणीस त्याच मऊ आवाजात म्हणाले, “मॅडम, मला कुणाचा अवमान करायचा नाही. पण हे अकरा लोक एका मंदिरातले, एकमेकांच्या ओळखीचे. मयताविषयी त्यांना आपुलकी. त्यांनी आपसात ठरवून ‘नाही’ म्हटलं नसेल, हे कशावरून?”

बाळगोंडा उठून उभे राहिले. त्यांच्या संसारात ते कधी मोठ्यानं बोलले नव्हते. ओरडायचं काम त्रिशलाचं होतं.

“आता बारा झाले!” ते म्हणाले. “एकीला खोटारडी म्हटलंत. ती खोटं बोलली नाही हे सांगायला अकरा जण आले, तर तेही खोटे. तेरावा आला तर तोही. फक्त तुमचं मशीन तेवढं खरं! लाखो माणसं मोजली म्हणता. त्या लाखांत वर्षातून दहा दिवस एकदाच जेवणारी एकही बाई तुम्हाला भेटली नाही? ह्या देशात? कुठं मोजलीत ती माणसं? कुणाच्या घरात जेवलात तुम्ही?”

“मगदूम, आवाज खाली,” ढोबळेबाई म्हणाल्या.

“नाही येत खाली, बाई. नऊ महिने खालीच होता.” त्यांनी श्वास घेतला. रेहानानं त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी तो बाजूला केला. “बरं. माझी माणसं खोटी. मग तुमची घेऊ. आज संकष्टी आहे. ह्या खोलीत कुणाकुणाचा उपास आहे? हात वर करा.”

“हे सुनावणीला धरून नाही,” टिपणीस म्हणाले.

पण टंकलेखक बाईंचा हात वर गेला होता. मग दाराशी उभ्या शिपायाचा. मंडळाच्या दोन सदस्यांपैकी एकाचा. मागच्या बाकावर दुसऱ्याच कुठल्या तक्रारीसाठी आलेल्या तिघांचे.

शिपाई टिपणीसांकडे बघून म्हणाला, “साहेब, मघाशी चहाबरोबर बिस्किट नको म्हणालात. आज संकष्टी आहे म्हणून.”

कुणीतरी हसलं. टिपणीसांचा चेहरा लाल झाला.

बाळगोंडा हसले नाहीत. “आता सांगा,” ते टंकलेखक बाईंना म्हणाले, “तुम्हाला आज कुणी विचारलं, खाण्यात नेहमीपेक्षा वेगळं काही आहे का, तर काय म्हणाल?”

“नाही म्हणेन,” त्या म्हणाल्या. “दर महिन्याचीच संकष्टी आहे.”

“तुम्ही?”

“नाही,” सदस्य म्हणाले.

“नाहीच,” शिपाई म्हणाला.

“एका दिवसाच्या उपासानं निकाल बदलत नाही,” टिपणीस घाईनं म्हणाले. “आणि तोंडी काय म्हणेन याला पुराव्याचं मूल्य नाही. नोंद लागते.”

“नोंद,” ढोबळेबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा लावला आणि आपला फोन उघडला. त्या काय करतायत ते लगेच कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांना दोनदा चुकीचं पान मिळालं. मग त्या थांबल्या आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

“ही माझी देहपत्रिका आहे,” त्या म्हणाल्या. “तपासणी आश्विनातली. गेल्या वर्षीची. नवरात्रातली सातवी माळ. मी नऊही दिवस उपास धरते. चाळीस वर्षं झाली.” त्यांनी फोन टिपणीसांपुढे सरकवला. “आहाराच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलंय ते वाचा.”

टिपणीसांनी वाचलं. फोन परत सरकवला.

“मला लांब दमाचा देह दिलाय,” ढोबळेबाई म्हणाल्या. “वर्षभर पहाटे धावतेय मी. दुपारी खुर्चीत बसले की डोळे मिटतात. मला वाटलं वय झालं.” त्यांचा आवाज बदलला होता. “मीही खोटी माहिती दिली का, टिपणीस?”

“मॅडम, तुमच्या बाबतीत गैरसमज…”

“माझ्या बाबतीत गैरसमज आणि त्यांच्या बाबतीत खोटं?”

बाळगोंडा अजून उभेच होते. त्यांना वाटलं होतं, असं काही झालं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. ह्या बाई जिवंत होत्या. त्यांना आज कळलं, त्या उद्या धावणार नव्हत्या.

“शिक्का तुमचा होता, बाई,” ते म्हणाले. “कंपनीनं लिहिलं, पण शिक्का तुम्ही मारलात. तेव्हा नाही उघडली पत्रिका.”

“नाही उघडली,” ढोबळेबाई म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली नाही, पण सबबही सांगितली नाही. मग त्या टंकलेखक बाईंकडे वळल्या. “घ्या. जुन्या अहवालातला तो परिच्छेद रद्द. त्या जागी लिहा.”

त्यांनी सावकाश सांगितलं, बाईंनी टंकलं, यंत्रातून कागद बाहेर आला. देहपत्रिकेच्या सगळ्या तपासण्या प्रश्न बदलेपर्यंत थांबवाव्यात, उपासाच्या काळातल्या पत्रिका रद्द धराव्यात, असा आदेशही त्याखाली होता. टंकलेखक बाई कागद वाचायला उभ्या राहिल्या.

“तुम्ही नको,” बाळगोंडा म्हणाले. “ह्यांनी वाचायचं.”

टिपणीसांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

“वाचा,” त्या म्हणाल्या.

टिपणीसांनी कागद घेतला आणि भरभर, ओठांतल्या ओठांत वाचला. “‘मयत वापरकर्त्याने…’”

“तसं लिहिलेलं नाही,” रेहाना म्हणाली. ती टंकलेखक बाईंच्या खांद्यामागून बघत होती. “नाव लिहिलंय. नाव वाचा.”

टिपणीसांनी घसा साफ केला. “‘श्रीमती त्रिशला बाळगोंडा मगदूम यांनी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले होते. काय विचारावे हे समदेह कंपनीला समजले नाही, आणि ते तपासून पाहणे या मंडळाला सुचले नाही. श्रीमती मगदूम यांचा मृत्यू…’”

त्यांचा आवाज पुन्हा खाली गेला.

“ऐकू आलं नाही,” बाळगोंडा म्हणाले. “मागच्या बाकापर्यंत ऐकू यायला पाहिजे. पुन्हा वाचा.”

टिपणीसांनी पाणी मागितलं. शिपाई जागचा हलला नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी कागद वर धरला आणि तिच्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.